एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नव्हे

एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप वीज तोडणारा खटका) आहे, मग शॉकची भीती कशाला, ही समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही आढळते. वस्तुतः 16 अँपिअरचा एमसीबी तार तापून पेटू नये म्हणून असतो. हृदयाची लय बिघडवायला मात्र 50 ते 100 मिलिअँपिअरचा प्रवाह छातीतून सेकंदभर वाहिला तरी पुरू शकतो, आणि एवढ्याशा प्रवाहाची एमसीबी दखलही घेत नाही. रबरी चपलांवरची श्रद्धाही तशीच भाबडी. एक हात तारेला आणि दुसरा नळाला लागला, तर चपला काय करणार?

कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झिएल यांनी 1961 साली यावर जो उपाय काढला, तो मला विजेच्या साऱ्या उपकरणांत देखणा वाटतो. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून ओवलेल्या असतात. गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधून परतला, तर दोहोंची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना पुसून टाकतात, मग हीटरचे 10 अँपिअर असोत की दिव्याचा अल्पसा प्रवाह. पण त्यातले 6 मिलिअँपिअर जरी ओल्या हातातून जमिनीकडे वळले, तरी परतीचा प्रवाह तेवढा कमी पडतो, कड्यात बदलते चुंबकीय क्षेत्र शिल्लक उरते आणि फॅरेडेच्या नियमानुसार कड्यावरच्या स्वतंत्र वेटोळ्यात विद्युत दाब निर्माण होतो. तो इलेक्ट्रॉनिक मंडलाने वाढवला की खटका पडतो आणि वीज तुटते. अमेरिकी पद्धतीच्या जीएफसीआय सॉकेटात (हे कडे आणि खटका ज्यात बसवलेला असतो) ही मर्यादा 4 ते 6 मिलिअँपिअर असते, तर वितरण पेटीतल्या आरसीसीबीत, म्हणजे तेच काम करणाऱ्या खटक्यात, सहसा 30. तुलना केवळ या दोन तारांची असल्यामुळे अर्थिंग नसलेल्या जुन्या वायरिंगवरही हे संरक्षण चालते.

काटकसरीची वाटही याच कड्यातून जाते. प्रत्येक ठिकाणी महाग जीएफसीआय सॉकेट नको. मेन स्विच बंद करून, तारांत वीज नाही याची टेस्टरने खात्री करून, पेटीकडून येणारी फेज-न्यूट्रलची जोडी साखळीतल्या पहिल्या, म्हणजे जीएफसीआय, सॉकेटच्या ‘लाइन’ टोकांना आणि पुढे जाणारी जोडी ‘लोड’ टोकांना लावली, की पुढची साधी सॉकेटेही त्याच पहाऱ्यात येतात. मात्र पुढचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला कुठे जोडला गेला, तर परतीचा प्रवाह वाटला जातो, खटका वारंवार पडतो आणि दोष बिचाऱ्या सॉकेटला लागतो.

जमिनीकडे गळती न होता कोणी फेज आणि न्यूट्रल एकदमच धरले, तर हे उपकरणही वाचवू शकत नाही, कारण हिशेब जुळलेलाच असतो. ‘टेस्ट’ बटण एका रोधातून थोडा प्रवाह कड्याबाहेरून वळवते. महिन्यातून एकदा ते दाबावे, आणि खटका पडला नाही तर सॉकेट बदलावे, दिवा त्यावर नीट लागत असला तरीही.