भट्टीतलं अल्कोहोल गाडीच्या टाकीत का पोचलं नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, चिकोडी, निपाणी, कागवाड या पट्ट्यात ऊस, गूळ आणि मळीची (साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाची) टंचाई कधी नव्हती. भट्टी लावायची हातोटीही होती. तरी घरच्या अल्कोहोलवर मोटारसायकल चालवायचा विचार पेट्रोलच्या प्रत्येक दरवाढीला उठतो आणि विरतो. शेवटी सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली कागलकर मंडळी दोन पैसे वाचवायला कर्नाटकातल्या कोगनोळीच्या पंपावर रांग लावतात ती लावतातच. यामागची दोन कारणं जुनी आहेत: अबकारी कायदा आणि शेवटचं पाच टक्के पाणी.

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होता. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि नंतर १९४९ चा दारूबंदी कायदा, दोन्ही इथे लागू. त्यांच्या लेखी भट्टीतून उतरलं ते मद्य. ते घशात जाणार की इंजिनात, याची चौकशी दुय्यम. जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यावर १९६५ चा अबकारी कायदा आला, तोच पुढे कर्नाटकाचा झाला. त्यात परवान्याशिवाय गाळणं तर गुन्हा आहेच, त्या हेतूने भट्टीचं साहित्य बाळगणंही गुन्हाच आहे. ‘इंधनासाठी गाळतोय’ ही सबब चालत नाही.

अमेरिकेत हा गुंता वेगळ्या तऱ्हेने सुटला. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथले शेतकरी मक्यापासून इंधन गाळू लागले आणि १९८० च्या सुमारास सरकारने त्यांच्यासाठी स्वतंत्र परवाना काढला. वर्षाला १०,००० प्रूफ गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण १९,००० लिटर शुद्ध अल्कोहोल काढणारा ‘लहान’ धरला जातो. अट एवढीच की आवाराबाहेर नेण्याआधी ते पिण्यालायक राहू नये. १०० गॅलनमध्ये २ गॅलन पेट्रोल किंवा रॉकेल ओतलं की भागतं. घरी इंधन गाळण्याची बहुतेक माहिती तिथूनच येते, आणि इकडचे वाचक तो परवाना आपल्यालाही आहे असं समजून चालतात.

आपल्याकडे वाट कारखान्याकडेच वळली. १९४८ च्या पॉवर अल्कोहोल (म्हणजे इंधनाच्या अल्कोहोलच्या) कायद्याने हा उद्योग केंद्राच्या ताब्यात घेतला, १९६१ च्या आदेशाने मळीवरही नियंत्रण आलं. मळीचं नियंत्रण १९९३ मध्ये उठलं, पॉवर अल्कोहोलचा कायदा २००० मध्ये रद्द झाला. लगेच २००१ मध्ये इथेनॉल, म्हणजे हेच अल्कोहोल, मिसळलेल्या पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प निघाले, त्यातला एक आपल्या शेजारी मिरजेत. जानेवारी २००३ पासून पाच टक्के मिश्रण सुरू झालं, त्या पहिल्या नऊ राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते.

आता पाण्याचं. आंबवण्यात अवघड काही नाही. १० किलो गूळ पाण्यात विरघळवून ५० लिटर घोल केला की साखर १६ टक्क्यांच्या आसपास येते. सामू साडेचार, तापमान ३० ते ३२ अंश, तर तीन दिवसांत आठ-नऊ टक्के अल्कोहोल तयार होतं. पारा ३५ च्या वर गेला की यीस्ट दमतं आणि साखर तशीच उरते. अथणीकडच्या एप्रिलमध्ये हेच होतं. आंबणं संपल्यावर पिंप उघडं राहिलं तर हवेतले जिवाणू त्याचं व्हिनेगर करतात. हातभट्टीवाले नवसागर टाकतात तो नशा वाढवायला, असा समज आहे. खरं तर त्यातून यीस्टला नायट्रोजन मिळतो. कारखान्यात त्या जागी युरिया किंवा डीएपी खत असतं.

अडतं ते गाळताना. अल्कोहोल ७८.३ अंशांना उकळतं, पण वाफेबरोबर पाणीही येतंच. खानापूरच्या पलीकडे गोव्यात काजूचा रस एकदा गाळला की हुर्राक मिळतो, १५ टक्क्यांच्या आसपास. पुन्हा गाळून फेणी ४२ च्या घरात जाते. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या हातांनी दोन फेऱ्या करूनही निम्म्याहून जास्त पाणीच. भांड्यावर उंच, आत भराव घातलेला स्तंभ चढवला आणि वरून थोडा द्रव सतत परत खाली सोडला, तर ९५ टक्के गाठता येतं. त्यापुढे साधं गाळणं थकतं, कारण वजनाने ९५.६ टक्क्यांवर वाफेतलं आणि द्रवातलं प्रमाण एकच होतं.

हे उरलेलं पाणी काढायचा जुना उपाय कळीचा चुना. एक किलो पाण्याला निदान तीन किलो चुना लागतो, म्हणजे १०० लिटरला वीसेक किलो, आणि त्या चिखलात अल्कोहोल अडकतं ते वेगळंच. कारखाने आता ३ए जातीची मॉलिक्युलर सीव्ह वापरतात: तिची भोकं पाण्याचा रेणू आत घेतात, इथेनॉलचा घेत नाहीत. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला ९९.५ टक्के शुद्धता लागते ती याचसाठी. ओलं अल्कोहोल पेट्रोलमध्ये ओतलं तर पाणी आणि अल्कोहोल मिळून तळाला बसतात, आणि टाकीचा नळ नेमका तळातूनच ओढतो.

निव्वळ अल्कोहोलवर चालवायचं तर पाच टक्के पाणी खपतं. ब्राझीलने १९७५ नंतर तेच केलं. मात्र पेट्रोलच्या दीडपट इंधन लागतं, म्हणून कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या मेन जेटचं भोक व्यासाने वीसेक टक्के मोठं करावं लागतं. थंडीत इंजिन पेटत नाही, म्हणून ब्राझीलच्या गाड्यांत पेट्रोलची छोटी टाकी वेगळी असे. जुन्या गाडीचे रबरी वॉशर फुगतात, टाकीतला जुना थर सुटून फिल्टर तुंबतो. पहिल्या आठवड्यात गाडी बंद पडली तर कारण बहुधा हेच.

हिशेबही जुळत नाही. वरच्या १० किलो गुळातून हाती चार लिटर येतं. गूळ ४० रुपयांनी धरला तर लिटरला १०० रुपये, आणि ते पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ताकदीचं. पेट्रोलच्या एका लिटरएवढं पळायला १५० रुपये, जळण सोडून. कारखान्याला मात्र टनभर सी-हेवी मळीतून (साखर पुरती काढून उरलेल्या) सव्वादोनशे आणि बी-हेवीतून (जास्त साखर राखलेल्या) तीनशे लिटर मिळतं, बॉयलर उसाच्या बगॅसवर, म्हणजे चिपाडावर, चालतो. शिवाय लिटरमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे गाळून उरलेलं सांडपाणी, उरतो. तो ओढ्यात सोडला की पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात.

दहा टक्के मिश्रण २०२२ मध्ये साधलं, वीस टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत सुरू झालं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, तेव्हा टाकीतलं इंधन साखरेच्या भावाशी किती बांधलेलं आहे ते कारखान्यांना कळलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल देऊन औद्योगिक अल्कोहोलवर नियमन करायचा अधिकार राज्यांना असल्याचं सांगितलं. घरगुती परवान्याची मागणी कुणी केलीच, तर ती बेंगळुरूलाच न्यावी लागेल.