नजर ठेवणं वेगळं, फाइल धरून ठेवणं वेगळं

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्यासाठी मी डिझाइनं करतो. संगणकावर तयार झालेलं डिझाइन लूमवर नक्षी उठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डपर्यंत पेनड्राइव्हनेच जातं. परवा खाली लूम थांबलेला, लूम सांभाळणारा जॉबर जिन्यातून हाका मारतोय, आणि मी पेनड्राइव्ह काढायला गेलो तर माझ्या लिनक्सच्या स्क्रीनवर ‘टार्गेट इज बिझी’, म्हणजे ड्राइव्ह वापरात आहे. डिझाइनची एकही फाइल उघडी नव्हती. सोबत काम करणारा मुलगा म्हणाला, ‘‘सर, फाइल मॉनिटरिंगची सर्व्हिस अडवतेय. बंद करू?’’

मी नको म्हटलं, कारण नजर ठेवणारा आणि धरून ठेवणारा यांत फार जणांची गल्लत होते.

फोल्डरमध्ये काही आलं, बदललं, पुसलं गेलं की कळवायचं, एवढंच मॉनिटरचं काम. लिनक्समध्ये ते आयनोटिफाय या सोयीवर चालतं. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या २.६.१३ या आवृत्तीत, २००५ साली, ते आलं. त्याचा पहारा ड्राइव्ह अडवत नाही. अनमाउंट केलं, म्हणजे ड्राइव्ह सिस्टिमपासून सोडवला, की पहारा आपोआप उठतो आणि तो लावणाऱ्या प्रोग्रामला तसा निरोप जातो. त्याआधीच्या डीनोटिफायमध्ये मात्र नजर ठेवायची तर फोल्डर उघडून धरावंच लागे, आणि ड्राइव्ह खरोखर अडकून पडे. मॉनिटरची बदनामी तेव्हापासूनची आहे.

धरून ठेवणं म्हणजे एखाद्या प्रोग्रामने फाइल उघडी ठेवलेली असणं, किंवा एखाद्या टर्मिनलचा मुक्काम त्या फोल्डरात असणं. असा एक जरी असला तरी साधं अनमाउंट होत नाही. घोळ होतो तो एकच सर्व्हिस दोन्ही कामं करते तेव्हा. इंडेक्सर, म्हणजे शोधण्यासाठी फाइलींची सूची करणारा प्रोग्राम, आधी नुसती नजर ठेवतो, नवी फाइल दिसली की वाचायला ती उघडतो. अडवतं ते हे उघडणं, आणि बहुधा थोड्या वेळात ते आपोआप संपतं.

म्हणून सर्व्हिस बंद करण्याआधी विचारायचं, धरलंय कोणी? फ्यूजर (fuser) ही कमांड व्ही आणि एम हे पर्याय आणि ड्राइव्हचा पत्ता देऊन, शक्यतो सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, चालवा. प्रत्येक प्रोसेससमोर, म्हणजे चालू प्रोग्रामसमोर, अक्षर येतं: एफ म्हणजे उघडी फाइल, सी म्हणजे ती प्रोसेस त्या फोल्डरातच बसली आहे. माझ्याकडे बॅशसमोर, म्हणजे टर्मिनलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामसमोर, सी आलं. सकाळी कॉपी करायला म्हणून ज्या टर्मिनलमधून ड्राइव्हवर गेलो होतो, ते मागे तसंच उघडं होतं. तिथून बाहेर पडलो आणि पेनड्राइव्ह लगेच सुटला. फ्यूजरचा के हा पर्याय मात्र सावधपणे वापरा, तो धरणाऱ्या सगळ्या प्रोसेस मारून टाकतो.

विंडोजमध्ये गोष्ट थोडी निराळी. तिथे फोल्डरवर नजर ठेवायला त्याचं हँडल, म्हणजे त्याच्यावरची पकड, उघडावंच लागतं, त्यामुळे मॉनिटरही अडवू शकतो. नीट लिहिलेला प्रोग्राम ड्राइव्ह काढण्याची सूचना येताच हँडल सोडतो. न सोडणाऱ्याचं नाव इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये, कर्नल-पीएनपीच्या २२५ क्रमांकाच्या नोंदीत सापडतं.

लिनक्सवर घाईत लोक अनमाउंटला एल लावून ‘लेझी’ पर्याय वापरतात. त्याने ड्राइव्ह यादीतून दिसेनासा होतो, पण ज्याने फाइल धरली आहे त्याचं लिहिणं मागे चालूच राहू शकतं. तेवढ्यात पेनड्राइव्ह उपसला तर खाली लूमपाशी पोचते ती अर्धवट फाइल.