पन्हाळ्यापासून रियुनियनपर्यंत: एकाच आगीची देवस्थानं

दख्खनच्या पठारावर काम करणाऱ्या जगभरच्या भूशास्त्रज्ञांना पन्हाळा माहीत असतो, पण शिवरायांच्या किंवा बाजीप्रभूंच्या नावानं नव्हे. हे पठार ज्या लाव्हारसाच्या थरांनी बनलं, त्यांची रासायनिक घडणीवरून गटवारी झाली, तेव्हा वरच्या थरांतल्या एका गटाला ‘पन्हाळा फॉर्मेशन’ असं नाव पडलं. त्याच्या खाली महाबळेश्वरचा गट आणि वर बेळगावजवळच्या देसूरचा. आपला डोंगर असा विज्ञानाच्या पुस्तकात जाऊन बसलाय, हे कोल्हापुरात फारसं कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या घाटात रस्त्यासाठी तासलेला कडा जवळून बघा. एखाद्या थराचा मधला भाग घट्ट, काळा, हातोडी आपटली तर खणखणणारा. त्याच थराच्या माथ्याकडे दगड बारीक बारीक भोकांचा होतो आणि काही भोकांत पांढरे, चमकदार खडे बसलेले असतात. लाव्हारस थिजताना त्यातला वायू वर चढला, पण वरचा भाग आधीच घट्ट झाल्यानं तिथंच अडकला. पुढं लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांत खनिजं भरली. असा एक थर म्हणजे लाव्हारसाचा एक लोट. अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाणही ह्याच जातीचा, बेसॉल्ट.

जोतिबाचा डोंगर लांबून शंकूसारखा दिसतो, म्हणून तो एके काळी ज्वालामुखी होता असं ऐकायला मिळतं. तसं नाही. दख्खनचा लाव्हारस मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला आणि आडवा पसरत गेला. नंतर पावसानं, नद्यांनी ते पठार कापलं आणि मधे उरला तो हा डोंगर. गुलालानं माखलेल्या ज्या पायऱ्यांवरून ‘चांगभलं’ म्हणत आपण चढतो, त्यांच्या खाली लोटांवर लोट आहेत, पण ज्वालामुखीचं तोंड नाही.

मग ही आग होती कुठं? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता आणि वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे भूखंडांच्या हिशेबानं भलत्याच वेगानं, उत्तरेकडं सरकत होता. वाटेत तो पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या एका अतितप्त झोतावरून गेला. झोत जवळपास जागच्या जागी राहिला, वरचा भूखंड पुढं निघून गेला. मागं ठशांची एक ओळ राहिली: आधी दख्खन, मग लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस बेटांच्या खालची डोंगररांग, मग हिंदी महासागरातलं मॉरिशस आणि शेवटी रियुनियन बेट. १९८७ साली ह्या ओळीवर ठिकठिकाणी समुद्रतळ खोदून नमुने काढले. दक्षिणेकडं जावं तसा खडक तरुण होत जातो, हे त्यातून दिसलं. कोल्हापूर आणि रियुनियन ह्यांच्यामध्ये आज चार हजारांहून जास्त किलोमीटर आहेत. तो झोत आता रियुनियनखाली आहे.

मॉरिशसच्या सहलीत निळं पाणी आणि पांढरी वाळूच दाखवतात. कोल्हापूरकरानं मात्र तिथं आधी डोंगराकडं जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बेटाच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, गंगा तलाव आहे. हे खरंखुरं ज्वालामुखीचं तोंड, बेटावरच्या अलीकडच्या उद्रेकांतलं. आग विझली, तळ आणि कडा कुजून त्यांची चिकणमाती झाली, त्या मातीनं भेगा बुजवल्या आणि पावसाचं पाणी साठत गेलं. उसाच्या मळ्यांत राबायला नेलेल्या भारतीयांची पहिली पिढी १८३४ पासून ह्या बेटावर उतरू लागली. १८९७ च्या सुमारास ट्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्नात दिसलं, की ह्या तळ्याचं पाणी जान्हवीतून, म्हणजे गंगेतून, येतं. लोक पायी जाऊ लागले. १९७२ साली गोमुखाहून आणलेलं गंगाजल त्यात मिसळलं. आज महाशिवरात्रीला लाखो माणसं कावड घेऊन चालत येतात आणि वाटेवर १०८ फुटी मंगल महादेव उभा असतो. ह्या बेटावर आपली मराठी माणसंही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते.

तिथून पश्चिमेला शामारेल. लाल, तपकिरी, जांभळट, पिवळ्या मातीच्या नागड्या टेकड्या, आणि त्यांवर गवताची काडी नाही. फोटो सगळेच काढतात, पण रंगांचं कारण आपल्या ओळखीचं आहे. बेसॉल्ट उबदार, ओल्या हवेत वर्षानुवर्षं कुजला की त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात. लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहतं. लोहाचे ऑक्साइड लाल-तपकिरी छटा देतात, ॲल्युमिनियमचे निळसर-जांभळट. मसाई पठारावरचा आणि पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा ह्याच रीतीनं बनला. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, सापडलं, तेही ह्याच कुजण्याचं फळ.

ले मोर्न हा मॉरिशसमधलाच, समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा कडा चढायला अवघड आहे, आणि म्हणूनच पळून गेलेले गुलाम तिथं लपत. मुक्तीची बातमी घेऊन येणारे शिपाई आपल्याला धरायलाच आले असं वाटून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तिथली लोककथा आहे. २००८ साली युनेस्कोनं ही जागा जागतिक वारशात घेतली. तिथं देऊळ नाही, तरी माणसं माथा टेकतात.

मॉरिशसहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर रियुनियन आहे, फ्रान्सच्या ताब्यातलं. इथं आग जिवंत आहे. पितों द ला फुर्नेज हा २,६३२ मीटरचा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. एप्रिल २००७ मध्ये काही दिवसांत त्याच्या शिखरावरच्या विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला.

बहुतेक वेळा त्याचा लाव्हारस घोड्याच्या नालेच्या आकाराच्या उंच कड्यांच्या आतच वाहतो, तिथं वस्ती नाही. १९७७ च्या एप्रिलमध्ये तो बाहेर फुटला आणि पितों सेंत रोझ गावात शिरला. गाव आधीच रिकामं केलं होतं. घरं गेली. चर्चपाशी मात्र लोट दुभंगला, दोन्ही बाजूंनी पुढं गेला, दारातून थोडा आत आला आणि थांबला. भिंती उभ्या राहिल्या. आता त्या चर्चचं नावच ‘लाव्हारसाची माउली’ असं आहे. भिंतीला लागून थिजलेला काळा दगड आजही हाताला लागतो. दोराच्या वेटोळ्यांसारख्या सुरकुत्या पडलेला असा दगड बेटावर पुष्कळ ठिकाणी दिसतो. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक वाफ्यात ओतला की वर लगेच पापुद्रा धरतो आणि आतला पाक मात्र पातळ, गरमच असतो. बेसॉल्टचा लाव्हारसही असाच वागतो. आतला रस सरकत राहतो, वरचा पापुद्रा ओढला जाऊन चुण्या पडतात. मागून येणारा रस कमी झाला की टोकाशी आवरण जाड होतं आणि लोट अडतो. त्या दिवशी चर्चच्या दारात तसंच काही घडलं असावं. भाविक त्याला कृपा म्हणतात आणि मला त्यात काही विसंगती वाटत नाही. ह्या उद्रेकानंतरच तिथं ज्वालामुखीची वेधशाळा उभारली. जमिनीचा फुगवटा आणि बारीक भूकंप मोजून आता ती उद्रेकाची आगाऊ सूचना देते.

रियुनियनच्या मधोमध पितों दे नेज हा हजारो वर्षं निजलेला ज्वालामुखी आहे, ३,०७० मीटर उंच. त्याच्या भोवतीच्या सिलाओस, सालाझी आणि माफात ह्या प्रचंड खोल दऱ्या मुख्यतः कडे कोसळून आणि पावसानं कोरून झाल्या. तो पाऊस कसला, तर २४ ते २६ फेब्रुवारी २००७ ह्या तीन दिवसांत बेटावरच्याच कोमर्सों विवरापाशी ३,९३० मिलिमीटर पडला. जगात तीन दिवसांत ह्याहून जास्त पाऊस कुठं मोजलेला नाही. गगनबावड्याचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसालाही हा आकडा दोनदा वाचावा लागेल. माफातमधल्या वाड्यांना रस्ता नाही. तिथं पायी जायचं, नाहीतर हेलिकॉप्टरनं.