दोन माहितीपट, एकच कॅनियन: तुम्ही नक्की कोणता पाहिलात?

‘लॉरेल कॅनियनवरची ती डॉक्युमेंटरी पाहिली. पण त्यात गायिका-गीतकार जोनी मिचेलच नाही, कमाल आहे!’ असं कुणी म्हणालं की आधी विचारावं, कोणती डॉक्युमेंटरी? लॉस एंजेलिसच्या या टेकड्यांवर आणि तिथल्या साठच्या दशकातल्या संगीतावर दोन माहितीपट आहेत आणि ते एकापाठोपाठ आले. पहिला ‘इको इन द कॅनियन’. अँड्र्यू स्लेटर यांनी दिग्दर्शित केलेला हा माहितीपट २०१८ मध्ये महोत्सवात दाखवला गेला आणि मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत आला. दुसरी ‘लॉरेल कॅनियन’ ही ॲलिसन एलवूड यांची दोन भागांची मालिका. ती २०२०च्या मे-जूनमध्ये एपिक्स वाहिनीवर आली. दोन्हींत त्या काळचे तेच गायक-वादक भेटतात: डेव्हिड क्रॉस्बी बोलतो, ग्रॅहम नॅश बोलतो, रॉजर मॅग्विन आणि मिशेल फिलिप्सही आहेत. दोन्हींत तेच पिवळसर ऊन, त्याच वळणदार वाटा आणि गिटार घेऊन पायरीवर बसलेली तीच पोरं. त्यामुळे एकीचं कौतुक दुसरीच्या खात्यात जमा होतं आणि तक्रारींचंही तसंच होतं.

माझ्या मते दोन्हींचा विषयच वेगळा आहे. स्लेटरचा माहितीपट एका आवाजाबद्दल आहे, एलवूडची मालिका एका वस्तीबद्दल. हे एकदा ध्यानात घेतलं की कोणत्या माहितीपटाकडून काय मागायचं ते ठरवता येतं.

वस्तीबद्दल थोडक्यात. हॉलिवूडच्या डोंगररांगेत सनसेट बुलेवार्डवरून एक रस्ता वर चढतो आणि पलीकडे सॅन फर्नांडो खोऱ्यात उतरतो. तोच लॉरेल कॅनियन बुलेवार्ड. त्याच्या दोन्ही अंगांना उतारावर घरं, मधे कॅनियन कंट्री स्टोअर नावाचं किराणा दुकान. साठच्या दशकात इथली भाडी कलाकारांना परवडत, आणि खाली गाडीने काही मिनिटांत सनसेट स्ट्रिपवरचे व्हिस्की अ गो गो, सिरोज असे क्लब होते. रात्री खाली वाजवायचं, पहाटे वर यायचं, दुपारी शेजाऱ्याकडे जाऊन नवं गाणं ऐकवायचं. एवढी ही सोय.

आता आवाजाकडे येतो, कारण ‘इको’चा जीव तिथे आहे. फोक-रॉक म्हणजे लोकगीतांना ड्रम लावले, इतकं ते सोपं नव्हतं. १९६४ मध्ये बीटल्सचा पहिला चित्रपट आला. तोवर बँजो आणि साधी गिटार घेऊन लोकगीतं गाणारे मॅग्विन आणि त्याचे सोबती तो पाहायला गेले. जॉर्ज हॅरिसनच्या हातात रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार होती. मॅग्विनने तशीच मिळवली. जानेवारी १९६५ मध्ये त्यांच्या ‘द बर्ड्स’ या बँडने बॉब डिलनचं ‘मिस्टर टॅम्बोरीन मॅन’ त्या गिटारवर रेकॉर्ड केलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये बँडपैकी वाद्य वाजवलं ते एकट्या मॅग्विनने. बाकीची वाद्यं स्टुडिओतल्या सराईत वादकांकडे होती आणि गायला मॅग्विन, क्रॉस्बी आणि जीन क्लार्क असे तिघं. जूनमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. खुद्द डिलन न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि गहजब झाला, तो त्यानंतर, २५ जुलैला.

स्लेटरचा माहितीपट इथून पुढची साखळी जोडत जातो आणि ती खरोखर रंगतदार आहे. बर्ड्सनी ‘द बेल्स ऑफ रिम्नी’ गायलं. मुळात ती वेल्समधल्या खाणकामगारांवरची इड्रिस डेव्हिस यांची कविता, चाल पीट सीगर यांची. बर्ड्सच्या आवृत्तीतला गिटारचा तुकडा हॅरिसनने उचलला आणि त्यावर ‘इफ आय नीडेड समवन’ बांधलं. तसं त्याने बर्ड्सना कळवलंही. ते गाणं ब्रिटनमध्ये डिसेंबर १९६५ च्या ‘रबर सोल’मध्ये आलं. अमेरिकेत कॅपिटल कंपनीने त्या अल्बममधली काही गाणी काढली, काही घातली. काढलेल्यांत नेमकं हॅरिसनचं हे गाणं होतं, तरीही एकंदर अल्बमचा कल लोकसंगीताकडे आणखी झुकला. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने ऐकला तो हा अमेरिकन ‘रबर सोल’. त्या ईर्ष्येतून त्याने ‘पेट साउंड्स’ केला, मे १९६६. आणि त्याचं उत्तर म्हणून बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीच्या डोक्यात ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम घोळू लागला. म्हणजे लंडन ते लॉस एंजेलिस आणि परत, असा दोन-तीन वर्षं चाललेला हा सवाल-जवाब. माहितीपटाच्या नावातला ‘इको’ तो हाच.

या साखळीला आपल्याकडचा एक दुवाही आहे. बर्ड्स सुरुवातीला वर्ल्ड पॅसिफिक या कंपनीच्या स्टुडिओत तालीम करत आणि रविशंकर यांच्या रेकॉर्डही त्याच कंपनीच्या. ऑगस्ट १९६५ मध्ये बीटल्स लॉस एंजेलिसला उतरले असताना क्रॉस्बी आणि मॅग्विन यांनी हॅरिसनला रविशंकरांच्या वादनाबद्दल भरभरून सांगितलं. ऑक्टोबरमध्ये हॅरिसनने ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार वाजवली आणि सप्टेंबर १९६६ मध्ये तो शिकायला थेट मुंबईत ताज हॉटेलात येऊन राहिला. जून १९६७ च्या कॅलिफोर्नियातल्या माँटेरे संगीत महोत्सवात रविशंकर आणि अल्लारखाँ यांनी एक अख्खी दुपार घेतली. त्या महोत्सवाच्या आयोजकांत ‘द ममाज अँड द पापाज’ या बँडचा, मिशेलचा नवरा जॉन फिलिप्स होता, म्हणजे पुन्हा ही कॅनियनचीच मंडळी. ‘इको’मध्ये नोरा जोन्स जेकब डिलनबरोबर गाते. ती रविशंकरांची मुलगी आणि तो बॉब डिलनचा मुलगा.

हा जेकब डिलन म्हणजे माहितीपटाचा सूत्रधार. तो लोकांना भेटतो, फार कमी बोलतो, समोरच्याला बोलू देतो. बापाच्या गाण्यामुळे जो सगळा प्रकार सुरू झाला त्याबद्दल मुलगा विचारत फिरतोय आणि स्वतः बाप कुठेही मुलाखतीला नाही, याची गंमत कुणी बोलून दाखवत नाही. ते बरंच आहे. रॉक गायक टॉम पेटी गिटारच्या दुकानात बसून बोलतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो गेला, त्यामुळे चित्रपटासाठी दिलेली ही त्याची शेवटची मुलाखत. बर्ड्समधून आपल्याला का काढलं हे क्रॉस्बी कॅमेऱ्यासमोर इतक्या सरळ, स्वतःलाच शिवी देत सांगतो की त्या दोन मिनिटांसाठीही माहितीपट पाहावा. मिशेल फिलिप्स तर आपल्याच प्रेमप्रकरणांतून आपल्याच नवऱ्याने गाणी कशी रचली आणि ती आपल्यालाच कोरसमध्ये कशी गावी लागली, हे हसत सांगते.

खटकतं ते वेगळंच. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम थिएटरात या गाण्यांची मैफल झाली, ती माहितीपटभर मधेमधे येत राहते. बेक, फिओना ॲपल, कॅट पॉवर, रेजिना स्पेक्टर ही मंडळी गातात छान, पण सोफ्यावर बसून जुन्या रेकॉर्ड चाळत त्यांच्या गप्पा चालतात तेव्हा नव्याने काही कळत नाही. स्लेटर एकेकाळी जेकबच्या बँडचे व्यवस्थापक होते, फिओना ॲपलचा पहिला अल्बम त्यांनीच निर्माण केला आणि पुढे ते कॅपिटल कंपनीचे प्रमुख झाले. त्यामुळे हा थोडा घरातल्या घरात झालेला समारंभ वाटतो.

आता ती जोनी मिचेलची तक्रार. माहितीपटाने स्वतःला १९६५ ते ६७ एवढंच कुंपण घातलं आहे. जोनी कॅनियनमध्ये राहायला आली १९६८ मध्ये, तिचा पहिला अल्बमही त्याच वर्षीचा. तेव्हा आवाजाच्या हिशेबाने तिची अनुपस्थिती चुकीची नाही. ‘द डोअर्स’ या बँडचं तसंच. काळ जुळतो, त्यांचा गायक जिम मॉरिसन तर त्या किराणा दुकानाच्या मागेच राहायचा, पण त्यांचं संगीत फोक-रॉक नव्हे. तरी प्रेक्षकाला सगळा दोष देता येत नाही. नावात ‘कॅनियन’ घालायचं, पडदाभर डोंगर दाखवायचे, मग लोकांनी त्या डोंगरातल्या सर्वांत मोठ्या गीतकाराला शोधलं तर नवल काय? कुंपण घातलंय हे माहितीपटाने एकदा तोंडाने सांगायला हवं होतं.

एलवूडच्या मालिकेत जोनी आहे, डोअर्स आहेत आणि अजून बरेच आहेत: द मंकीज, फ्रँक झापा, ॲलिस कूपर, लिंडा रॉनस्टॅड, बॉनी रेट, जॅक्सन ब्राउन, ईगल्स. काळ १९६५ पासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत. आणि बनवण्याची रीत अगदी उलटी. ‘इको’मध्ये सत्तरी ओलांडलेले चेहरे समोर बसून बोलतात, इथे म्हाताऱ्यांचे फक्त आवाज ऐकू येतात आणि पडद्यावर ते पंचविशीतच राहतात. जुनी छायाचित्रं, घरगुती चित्रफिती, क्लबांतलं चित्रण यांवर सगळी मदार. आजच्या रूपात कॅमेऱ्यासमोर येतात ते प्रामुख्याने दोन छायाचित्रकार, हेन्री डिल्ट्झ आणि न्यूरिट वाइल्ड. डिल्ट्झ स्वतः आधी ‘मॉडर्न फोक क्वार्टेट’मध्ये गायचा, त्यामुळे घराघरांत त्याला मुक्त प्रवेश होता. क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश यांच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवरचा जुन्या सोफ्यावरचा फोटो त्याचाच. बँडचं नाव पक्कं झालं तेव्हा लक्षात आलं की सोफ्यावर तिघं नावाच्या उलट क्रमाने बसलेत. पुन्हा फोटो काढायला गेले तर घर पाडलेलं. ते घर कॅनियनमधलंही नव्हतं, खालच्या वेस्ट हॉलिवूडमधलं होतं. पण दंतकथेला पत्त्याची काय पर्वा.

आर्थर लीच्या ‘लव्ह’ या बँडची गोष्ट नीट उलगडते ती या मालिकेत. कृष्णवर्णीय माणूस म्होरक्या, बँड मिश्र वर्णांचा, आणि नोव्हेंबर १९६७ चा ‘फॉरेव्हर चेंजेस’ हा तर त्या साऱ्या परिसरातल्या सर्वोत्तम अल्बमांपैकी. ‘इको’च्या काळाच्या आणि आवाजाच्या दोन्ही कुंपणांत बसणारा हा बँड. मला विचाराल तर स्लेटरना जाब विचारायचा असेल तर तो लव्हबद्दल विचारावा, जोनीबद्दल नाही.

मालिकेला इतिहासही पेलतो. नोव्हेंबर १९६६ मध्ये सनसेट स्ट्रिपवर संचारबंदीच्या नियमावरून तरुण आणि पोलीस यांच्यात झालेल्या चकमकी आणि त्यातून स्टीफन स्टिल्सने लिहिलेलं ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’, ऑगस्ट १९६९ मधले मॅन्सन टोळीचे खून, ज्यानंतर उघडी राहणारी दारं बंद झाली, डिसेंबरात अल्टामाँटच्या मैफलीत झालेला हिंसाचार. पण माणसं इतकी येतात की गाणं कसं घडलं हे सांगायला वेळ उरत नाही. बारा तारांच्या गिटारचं महत्त्व या मालिकेतून कुणाला कळेल असं मला वाटत नाही.

दोन्हींची गल्लत होण्याचं खरं कारण म्हणजे कॅनियनच्या नावाखाली दोन वेगळी संगीतं एकत्र बांधली जातात. १९६५-६७ चं संगीत बँडचं आहे: तीन-चार गळ्यांची सुरावट, झणझणणारी इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, आणि शब्द बरेचदा उसने, कधी डिलनचे, कधी सीगरचे, ‘टर्न! टर्न! टर्न!’चे तर थेट बायबलमधल्या ‘उपदेशक’ ग्रंथातले. १९६८ नंतरचं संगीत एकट्याचं किंवा एकटीचं आहे: एक पियानो किंवा साधी गिटार, स्वतःची कहाणी, स्वतःचे शब्द. जोनीचा ‘लेडीज ऑफ द कॅनियन’ १९७० चा, कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ १९७१ चा. हे फोक-रॉकमधूनच निघालं, पण हे फोक-रॉक नव्हे. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश बरोबर सांध्यावर उभे आहेत: गळे तीन, पण गाणी ज्याची त्याची. ते तिघं पहिल्यांदा एकत्र गायले ते जोनीच्या घरी की ‘ममाज अँड द पापाज’च्या कॅस इलियटच्या घरी, यावर त्यांच्यातच एकमत नव्हतं. नॅश आणि क्रॉस्बी जोनीचं घर म्हणत, स्टिल्स कॅसचं.

तुम्हाला ही नावंच नवी असतील तर आधी एलवूडची मालिका पाहा, चेहरे आणि नाती डोक्यात बसतील. हाताशी गिटार असेल, बीटल्स पाठ असतील, तर ‘इको’पासून सुरुवात करा, तो दीड तासाच्या आत संपतो आणि लगेच चार अल्बम ऐकायला लावतो. त्यात मधूनच एका फ्रेंच दिग्दर्शकाने टिपलेलं लॉस एंजेलिस दिसतं, ते झाक देमी यांच्या १९६९ च्या ‘मॉडेल शॉप’मधलं, माहितीपटाला स्फूर्ती त्यावरूनच मिळाली. आणि शोधताना २००२ सालचा ‘लॉरेल कॅनियन’ समोर आला तर थांबा. त्यात फ्रान्सिस मॅकडॉर्मंड रेकॉर्ड निर्माती आहे, क्रिश्चन बेल तिचा मुलगा आहे, घरही याच टेकड्यांत आहे, पण तो सरळ कथाचित्रपट आहे आणि त्यात बर्ड्स कुठेच भेटणार नाहीत.