हनोखाची ३६५ वर्षं

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आदामापासून नोहापर्यंतची वंशावळ येते. वाचायला तशी रटाळच. अमुक वर्षांचा असताना मुलगा झाला, पुढे इतकी वर्षं जगला, एकूण इतकी भरली, मग मेला. आदाम ९३०, यारेद ९६२, मथुशलह ९६९. या रांगेत सातवा असलेला हनोख मात्र ३६५व्या वर्षीच दिसेनासा होतो. त्याच्या मरणाची नोंद नाही. तो देवाबरोबर चालला आणि देवाने त्याला नेलं, एवढंच.

माणूस नऊशे वर्षं जगत नाही. कागदोपत्री सिद्ध झालेलं सर्वांत दीर्घ आयुष्य फ्रान्सच्या जान काल्माँ यांचं, १२२ वर्षं १६४ दिवस. त्या १९९७ मध्ये वारल्या. मग हे आकडे आले कुठून? एक लोकप्रिय तोडगा असा की ही वर्षं नसून चांद्रमास असावेत. मथुशलहाचं वय त्या हिशेबाने ७८ येतं, छान बसतं. पण हनोखाला ६५व्या वर्षी मुलगा झाला म्हणतात. ६५ महिने म्हणजे जेमतेम सव्वापाच वर्षं! तोडगा तिथेच बाद.

लोकसंख्याशास्त्रज्ञ आकड्यांकडे वेगळ्या नजरेने बघतात. जनगणनेत आपल्याकडे पुष्कळ वयं शून्य किंवा पाचावर संपतात, कारण नेमकं जन्मसाल ठाऊक नसलं की माणूस अंदाजाने साठ, पासष्ट असं सांगून मोकळा होतो. तीच कसोटी इथे लावून पाहा. प्रचलित हिब्रू पाठात आदामापासून लामेखापर्यंत नऊ पुरुष, प्रत्येकाचे तीन आकडे, एकूण सत्तावीस. त्यातला एकही १, ३, ४, ६ किंवा ८ वर संपत नाही. बहुतेक आकडे पाचाच्या पटीत आहेत. जे नाहीत त्यांतून ७ वजा करा, तेही पाचाच्या पटीत येतात. १८७ म्हणजे १८० अधिक ७, ९१२ म्हणजे ९०५ अधिक ७. ९६९ मधून तेवढे दोनदा सात काढावे लागतात. नैसर्गिक वयं अशी वागत नाहीत. हे आकडे कुणीतरी रचलेले आहेत.

अशी रचना करणारे बायबलचे लेखक एकटे नव्हते. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात मातीचा एक चौकोनी स्तंभ आहे, सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचा. त्यावर महापुरापूर्वीच्या आठ सुमेरी राजांची यादी कोरली आहे. राज्यकाल मिळून २,४१,२०० वर्षं, म्हणजे बरोबर ६७ गुणिले ३,६००. साठाच्या पटीत मोजणाऱ्या त्या लोकांचं ३,६०० हे मोठं एकक होतं. यादीतला सातवा राजा सिप्पर या सूर्यदेवाच्या नगरीचा. मेसोपोटेमियातल्या दुसऱ्या एका लेखात याच राजाला देव आपल्या सभेत नेऊन गुप्त विद्या शिकवतात.

हनोखाचंही सातवं स्थान, देवाशी सलगी आणि सौरवर्षाच्या दिवसांइतकी वर्षं, हा योगायोग नसावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, मलाही. मात्र हा तर्क आहे, पुरावा नव्हे. शिवाय पुढे हनोखाच्या नावाने लिहिलेल्या ग्रंथात वर्ष ३६४ दिवसांचं धरलंय, नेमके ५२ आठवडे. त्याचे अरामी तुकडे मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडले. संपूर्ण ग्रंथ टिकला तो इथिओपियाच्या गीझ भाषेत.

दीर्घायुष्य म्हणजे देवाची कृपा असं मानणाऱ्या समाजात सर्वांत भल्या माणसाला सर्वांत कमी वर्षं द्यायची, तर ती अपुरी वाटू नयेत याची काळजी घ्यावी लागते. ३६५ ने ती घेतली असं मला वाटतं: रांगेत सर्वांत लहान, पण वर्षाचं पूर्ण चक्र.

आकडे पुढे बदललेही. ग्रीक भाषांतरात हनोखाला मुलगा १६५व्या वर्षी होतो आणि नंतरची ३०० वर्षं २०० होतात, बेरीज तीच. त्याच भाषांतराच्या बऱ्याच प्रतींत मथुशलह महापुरानंतरही चौदा वर्षं जगतो, आणि ज्यात बसलेलेच वाचले त्या नोहाच्या तारवात तर तो नव्हता! शोमरोनी (समॅरिटन) समाजाने जपलेल्या हिब्रू पाठात ही भानगड नाही. तिथे यारेद ८४७, मथुशलह ७२० आणि लामेख ६५३ वर्षांचा होऊन मरतो, आणि बेरीज केली तर तिघांचंही मरण महापुराच्याच वर्षात येतं. हनोख तोवर केव्हाच निघून गेलेला असल्यामुळे त्याच्या ३६५ ला कात्री लावायची गरज पडली नाही.