क्वीनच्या कॉन्सर्टचे अप्रकाशित फूटेज

लंडनच्या क्वीन या रॉक बँडच्या काही कॉन्सर्ट्स त्या त्या वेळी व्यावसायिक कॅमेऱ्यांनी चित्रित झाल्या, पण त्यांचे अखंड चित्रण बँडने अधिकृतपणे अद्याप बाजारात आणलेले नाही. चाहते वर्षानुवर्षे ज्याची वाट पाहत आहेत ते हे फूटेज. त्यात तीन नावे कायम आघाडीवर असतात : लंडनचे हाइड पार्क (18 सप्टेंबर 1976), लंडनचेच अर्ल्स कोर्ट (6 व 7 जून 1977) आणि अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातले समिट सभागृह (11 डिसेंबर 1977). तिन्ही कॉन्सर्ट्स पंधरा महिन्यांच्या आतल्या आहेत. गायक-पियानोवादक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे, ड्रमर रॉजर टेलर आणि बास गिटारवादक जॉन डीकन हे बँडमधले चौघे थिएटरांतून मोठ्या मैदानांकडे सरकत होते तो हा काळ, आणि नेमका तोच अधिकृत संग्रहात सर्वांत विरळ आहे.

चाहत्यांनी हे फूटेज पाहिलेलेच नाही, असा बाहेरच्या माणसाचा समज होतो. प्रत्यक्षात अर्ल्स कोर्ट आणि ह्यूस्टनच्या चोरट्या प्रती, म्हणजे बूटलेग, व्हीएचएसच्या काळापासून हातोहात फिरत आल्या आहेत. एका टेपवरून दुसरी उतरवली जाते, दुसरीवरून तिसरी. दूरचित्रवाणीच्या चित्रसंकेताच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या, त्यामुळे अमेरिकेतली एनटीएससी पद्धतीची टेप युरोपात किंवा भारतात सहज चालत नसे. ती इकडच्या पाल पद्धतीत उतरवून घेतली की चित्र आणखी मऊ पडे. म्हणून प्रत हाती आली की चाहत्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कितव्या पिढीची?’ पाचव्या-सहाव्या पिढीच्या प्रतीत लाल दिव्यांचा रंग कडा सोडून बाहेर पसरतो. पियानोवर बसलेल्या मर्क्युरीचा चेहरा वितळलेल्या मेणासारखा सपाट दिसतो. पडद्याच्या तळाशी पांढऱ्या रेघांची पट्टी सतत थरथरत असते आणि टेलरच्या झांजांचा आवाज टेपच्या खरखरीत मिसळून जातो. गाणे कोणते ते कळते, पण वाजवणाऱ्याची बोटे दिसत नाहीत. चाहत्यांची सगळी मागणी त्या बोटांसाठी आहे.

तिन्हींत हाइड पार्कची ओढ सर्वाधिक, आणि ती रास्तच आहे. व्हर्जिन रेकॉर्ड्सचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या सहकार्याने झालेली ही कॉन्सर्ट विनामूल्य होती. गर्दीचे अंदाज दीड लाखापासून पुढे जातात. बरोबर सहा वर्षांपूर्वी याच तारखेला अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचे निधन झाले होते. मर्क्युरीसाठी हेंड्रिक्स म्हणजे दैवत. पुढच्या अल्बमातले, तोवर बाजारात न आलेले एक गाणे मर्क्युरीने त्या संध्याकाळी पियानोवर एकट्याने म्हटले. एवढ्या मोठ्या मैदानात एक माणूस, एक पियानो आणि श्रोत्यांना अनोळखी गाणे. कार्यक्रम लांबला, पोलिसांनी वेळ संपल्याचे बजावले आणि बँडला एन्कोअरसाठी, म्हणजे शेवटच्या जादा गाण्यांसाठी, मंचावर परतू दिले नाही.

अर्ल्स कोर्टचे आकर्षण वेगळे आहे. राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव तेव्हा साजरा होत होता. बँडने दिव्यांची चौकट मुकुटाच्या आकाराची घडवून घेतली होती. सुमारे दोन टन वजनाचा हा मुकुट सुरुवातीला धुराच्या लोटातून वर उचलला जाई. झिजलेल्या प्रतींत या प्रसंगाचा नुसता पांढरा ढग दिसतो, मुकुट ओळखावा लागतो. ह्यूस्टनची कॉन्सर्ट त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यातली. वादनातली सफाई आणि श्रोत्यांना ताब्यात घेण्याची मर्क्युरीची हातोटी या दोन्हींसाठी जाणकार चाहते तिला सत्तरच्या दशकातली सर्वोत्तम चित्रित कॉन्सर्ट मानतात. प्रस्तुत लेखकालाही ते पटते.

ही आशा हवेतली नाही, कारण ती यापूर्वी अनेकदा फळली आहे. लंडनच्या रेनबो थिएटरात नोव्हेंबर 1974 मध्ये झालेले चित्रण अनेक वर्षे अर्ध्या तासाच्या आसपासच्या कापलेल्या रूपात होते. सप्टेंबर 2014 मध्ये ते पूर्ण कॉन्सर्ट म्हणून आले. वेशभूषाकार झँड्रा रोड्स यांनी घडवलेल्या मंचावरच्या पांढऱ्या पोशाखाच्या चुण्या पहिल्यांदा नीट मोजता आल्या, हे ज्यांनी आधीची प्रत झिजेपर्यंत पाहिली होती त्यांनाच कळेल. 24 डिसेंबर 1975 रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन सभागृहातून बीबीसीने दूरचित्रवाणी आणि रेडिओ अशा दोन्हींवर एकाच वेळी केलेले थेट प्रसारण 2015 मध्ये डिस्कवर आले, म्हणजे चाळीस वर्षांनी. वेम्बली स्टेडियममधली 12 जुलै 1986 ची कॉन्सर्ट आधी 1990 मध्ये काटछाट करून व्हीएचएसवर आली, पूर्ण रूपात 2003 मध्ये. आदल्या शुक्रवारची पावसातली कॉन्सर्ट मिळायला 2011 उजाडले. बुडापेस्टची 27 जुलै 1986 ची कॉन्सर्ट हंगेरीच्या चित्रपथकाने 35 मिमी फिल्मवर टिपली होती. तिची नवी संस्कारित प्रत 2012 मध्ये आधी चित्रपटगृहांत लागली, मग डिस्कवर आली.

मग हाइड पार्क का नाही? कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले कारण टेपचे. त्या काळातल्या व्हिडिओ टेप महाग असत, त्यामुळे दूरचित्रवाणी संस्था त्या पुसून पुन्हा वापरत. फेब्रुवारी 1974 मध्ये बीबीसीच्या लोकप्रिय संगीत कार्यक्रमात झालेल्या क्वीनच्या पहिल्या दर्शनाची टेपही अशीच पुसली गेली. जी टेप वाचली तिच्यावरचा चुंबकीय लेप धरून ठेवणारा चिकट पदार्थ ओल शोषून घेतो. अशी टेप तशीच यंत्रावर चढवली तर लेप सुटून टेप वाचणाऱ्या हेडला चिकटतो. म्हणून ती आधी साधारण 50 अंश सेल्सियसच्या मंद उष्णतेत काही तास ‘भाजतात’ आणि मग लगेच तिची डिजिटल प्रत उतरवून घेतात. जुन्या रुंद टेप चालवणारी यंत्रे आणि ती हाताळणारे तंत्रज्ञ दोन्ही दुर्मीळ होत चालले आहेत.

दुसरे कारण आवाजाचे, आणि माझ्या मते तेच जास्त अडवणारे. चित्र धूसर असले तरी आजचा प्रेक्षक चालवून घेतो. पण प्रत्येक वाद्य व गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेली मल्टिट्रॅक टेप नसेल, तर आवाजाचे नव्याने मिश्रण करता येत नाही. कॅमेऱ्याबरोबर नोंदलेल्या आवाजावर भागवावे लागते. जिथे मर्क्युरीचा गळा बसला होता किंवा गिटारचा सूर हलला होता, तिथे काही झाकायला जागा राहत नाही.

हक्कांचा गुंताही असतो. माँट्रियलच्या 24 व 25 नोव्हेंबर 1981 च्या कॉन्सर्ट्स दिग्दर्शक सॉल स्विमर यांनी 35 मिमी फिल्मवर चित्रित केल्या, पण हक्क बँडकडे नव्हते. त्यामुळे दोन रात्रींची सरमिसळ केलेली कमअस्सल आवृत्तीच लोकांसमोर फिरत राहिली. बँडने हक्क मिळवल्यावर 2007 मध्ये तिची नीट जुळणी झाली, आणि जानेवारी 2024 मध्ये ती आयमॅक्सच्या भव्य पडद्यावर लागली. शेवटचा मुद्दा बँडच्या इच्छेचा. डीकन 1990 च्या दशकाअखेरीस सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाले. मे आणि टेलर यांनी ‘हे बाहेर जाऊ दे’ म्हटल्याखेरीज काही हलत नाही. त्यांच्या कानाला खटकणारे बाहेर न येणे हा त्यांचा हक्क आहे, तो चाहत्यांनीही मानला पाहिजे.

एक वेगळा वर्ग अशा चित्रणांचा, जी अधिकृतपणे आली पण जुन्या माध्यमातच अडकून राहिली. ब्राझीलमधल्या रॉक इन रिओ महोत्सवातल्या जानेवारी 1985 च्या कॉन्सर्टची व्हीएचएस त्याच वर्षी निघाली. जपानमधली 1982 ची कॉन्सर्ट तिथल्याच बाजारात व्हिडिओवर आली. त्यांच्या पूर्ण डीव्हीडीची मागणीही तितकीच जुनी आहे.

मराठी वाचकाला या विषयाचा एक धागा घराजवळचा आहे. फारोख बुलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला. ‘हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवी. हाइड पार्कच्या पियानोवरचे हात तेच, आणि म्हणून ते स्वच्छ पाहण्याची इथल्या चाहत्यांची ओढ जराही उसनी नाही.

तूर्त अधिकृतपणे जे मिळते ते तुकड्यांत. हाइड पार्कमधले ते एकट्याने म्हटलेले गाणे त्याच्या अल्बमच्या 2011 च्या पुनर्प्रकाशनात ध्वनिरूपात आले. 1977 च्या अमेरिका दौऱ्यावर बीबीसीचे निवेदक बॉब हॅरिस यांनी केलेल्या चित्रणातून बांधलेला माहितीपट ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या अल्बमच्या 2017 च्या वर्धापन-संचात मिळतो. ह्यूस्टन पूर्ण नाही. पहिल्या अल्बमचा नव्याने मिश्रण केलेला संच ऑक्टोबर 2024 मध्ये निघाल्यापासून चाहते पुढच्या अल्बमांचे हिशेब मांडत आहेत. हाइड पार्कमध्ये ज्या अल्बमातले गाणे आधी ऐकवले गेले तो डिसेंबर 1976 चा, क्रमाने पाचवा.