एमजीबी दम सोडते तेव्हा: पेट्रोल की करंट?

वीस मिनिटं मजेत पळालेली एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, चढावर एकदम दम सोडते. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं, की जणू काही झालंच नव्हतं. अशा वेळी पहिला हात जातो कार्बोरेटरला. जाऊ देऊ नका.

पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी मरगळत जाते. फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत, उरलेल्या घोटावर थोडं ओढते, मग आचके देत कार्बोरेटरमधूनच फटफटते. ठिणगीचा करंट तुटला तर एवढीही सवड नाही. इंजिन गप्प, पुन्हा चालू, आणि मधलं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये फाटकन पेटतं.

पण कान फसतात, म्हणून नजर टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. सुरुवातीच्या गाड्यांत तो केबलवर चालायचा. नंतरच्यांत तो कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या, विजेच्या इशाऱ्यावर चालतो. गाडी गिअरमध्ये आहे, इंजिन 3000 आरपीएमने फिरतंय, तरी काटा धाडकन खाली पडला, तर करंट गेला. काटा इंजिनाबरोबर सावकाश उतरला, तर बहुधा पेट्रोल. बहुधाच, कारण रोटर (प्लगांना आळीपाळीने वीज वाटणारा फिरता तुकडा) किंवा प्लगच्या वायरीतला दोष काट्याला कळत नाही.

मग मरगळतानाच चोक थोडा ओढून बघा. एमजीबीच्या एसयू बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये चोक ओढला की जास्त पेट्रोल येतं. गाडीत जीव आला, तर पेट्रोलचा संशय पक्का. टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला, तर टाकीचा श्वास कोंडलाय, म्हणजे तिची हवा आत घ्यायची वाट बंद आहे. पद्मिनीवाल्यांचा तापलेल्या पेट्रोल पंपावर ओला फडका टाकायचा उपाय इथे चालत नाही, एमजीबीचा पंप इंजिनापासून लांब, मागच्या चाकाजवळ असतो. तोही विजेवर चालतो, आणि त्यातही पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क असतात. ते जळले की टिकटिक बंद. म्हणजे लक्षण पेट्रोलचं, मूळ मात्र करंटचं!

गरम झाल्यावरच रुसणारी गाडी असेल तर कंडेन्सर (ठिणगीच्या पॉइंटना जोडलेला छोटा विजेचा भाग) बदलून बघा, स्वस्तातलं काम आहे. तरीही झटके थांबले नाहीत, तर डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याची टोपी काढून पॉइंटकडे जाणारी बारीक वायर हलकेच ताणा. व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेची) प्लेट हलते तशी ती रोज वाकते. वरचं आवरण शाबूत दिसतं, आणि बोटांत ते रबरासारखं लांबतं, कारण आतली तांब्याची तार कधीच तुटलेली असते.